बरणीतले दात

डोकं धरायचं, हे माझं काम. आमच्या व्हार्झेया गावातल्या सरकारी दवाखान्यात दातांच्या खोलीत मी सोळा वर्षं होते. हत्यारं उकळायची, थुंकायचं भांडं धुवायचं, आणि डॉक्टर एवेराल्दो दात उपटायला लागले की खुर्चीमागं उभं राहून माणसाचं डोकं छातीशी आवळून धरायचं. रक्त, पू, कुजक्या दाढेचा वास, यांची मला कधी किळस आली नाही. शेजारणी विचारायच्या, लिंदाउरा, तुला घरी गेल्यावर जेवण जातं तरी कसं? मी म्हणायची, तुमच्यासारखंच, तोंडातून. किळस मला पहिल्यांदा आली ती शहाण्णव सालच्या जुलैत, आणि ज्यांच्यामुळं आली ती माणसं दिवसातून दोनदा अंघोळ करायची आणि अंगाला साबणाचा वास घेऊन फिरायची.

आमच्या गावाची आणि अमेरिकेतल्या हार्लन फॉल्स गावाची मैत्री मी लहान होते तेव्हापासूनची. दोन्हीकडं समित्या होत्या. त्यांच्या शाळेतली मुलं आमच्या मुलांना पत्रं लिहायची, आमची मुलं उत्तरं पाठवायची. आमच्या बायकांनी विणलेल्या लेसचा टेबलक्लॉथ त्यांच्या नगरपालिकेत काचेखाली ठेवलाय म्हणतात. त्यांनी दिलेला पियानो आमच्या शाळेत आहे, अर्ध्या पट्ट्या वाजतात. एका वर्षी त्यांचा बँड आला होता. त्यातल्या ढोलवाल्याला उन्हानं चक्कर आली, तर माझ्या आईनं त्याला आमच्या पलंगावर निजवून उसाचा रस पाजला. खोटं कशाला बोलू, त्यात वाईट काही नव्हतं. आम्हाला वाटायचं, जगात कुठंतरी आपलं नाव माहीत असलेली माणसं आहेत.

असं सगळ्यात जास्त वाटायचं ते दाल्वाला. ही आमच्या शेजारच्या सेवेरिनाची मुलगी. मला मावशी म्हणायची. नऊ वर्षांची असताना तिच्या वाट्याला जोआन नावाची पत्रमैत्रीण आली, आणि पुढं सात वर्षं ती दोघींची पत्रं चालली. बाकीच्या मुलांनी दोन-तीन पत्रांत गाशा गुंडाळला. दाल्वा मात्र शब्दकोश मांडीवर घेऊन ओळ न् ओळ लावायची. तेवीस वर्षांची झाली तेव्हा ती पहिलीच्या वर्गाला शिकवत होती आणि तिच्या टेबलाच्या काचेखाली जोआनचा बर्फातला फोटो होता. दाल्वा हसली की आधी दात दिसायचे आणि मग दाल्वा. सेवेरिना म्हणायची, हिचे दात हिच्या बापाकडून आले, बापानं तेवढंच दिलं.

त्या वर्षी समितीच्या अध्यक्ष ओतीलियाबाईंनी जाहीर केलं की हार्लन फॉल्सजवळच्या एका कॉलेजातले बारा विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक दहा दिवसांसाठी येणार. दंतवैद्यकीचे विद्यार्थी. आम्हाला औषधोपचार मिळेल, त्यांना अनुभव मिळेल, दोन्ही गावांचं भलं. ओतीलियाबाईंचे यजमान कापसाच्या गिरणीचे मालक, आणि बाईंचा स्वतःचा भाऊ ऑक्टोबरच्या निवडणुकीत नगराध्यक्षपदाला उभा होता. लोकांना गोळा करायचं काम माझ्याकडं आलं, कारण घराघरातली तोंडं मला माहीत होती. मी वाड्यावस्त्यांवर पायी फिरले. लोकांना सांगितलं की तिकडचे डॉक्टर दात भरतात, उपटत नाहीत. पांढरं सिमेंट घालतात, कळतसुद्धा नाही. हे मला डॉक्टर एवेराल्दोंनी सांगितलं होतं, मी पुढं सांगितलं.

दाल्वा मला आपणहून म्हणाली की तिची वरची एक दाढ ठणकते, ती भरून घ्यायचीय. खुर्च्या शाळेतच लावायच्या होत्या, तिनं किल्ल्या आनंदानं दिल्या. वर्ग धुवून काढले, फळ्यावर त्यांच्या भाषेत स्वागत लिहिलं.

ती माणसं आली. सोनेरी केसांची, उंच, हसरी पोरं. त्यांच्यातला टॉड नावाचा मुलगा मला खरंच आवडला होता. त्याला आमची थोडी भाषा यायची, बाकी हातवारे. पहिल्याच दिवशी त्यानं मला नाव विचारलं आणि मग कधी विसरला नाही. पोरांना च्युइंगगम वाटायचा, म्हाताऱ्यांना खुर्चीपर्यंत हात धरून न्यायचा. त्यांचे प्राध्यापक व्हिटकॉम पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. दुभाषा म्हणून शाळेतले इंग्रजीचे वाल्मीर सर होते.

दात भरायचं यंत्र पहिल्या सकाळीच बंद पडलं. आमच्याकडची वीज त्याला पुरेना. तासभर खटपट केली, मग त्यांनी ते कोपऱ्यात सरकवून त्याच्यावर चादर टाकली. एवेराल्दो म्हणाले, काही बिघडत नाही, उपटायला वीज लागत नाही. आणि काम सुरू झालं. बारा पोरं, सहा खुर्च्या, बाहेर पटांगणभर रांग. दाढ दुखते म्हणून आलेला माणूस आत जायचा आणि तीन, चार, पाच दात देऊन बाहेर यायचा. मी एकदा एवेराल्दोंना विचारलं की नुसता काळा डाग पडलेला दात का काढला. ते म्हणाले, "लिंदाउरा, हा माणूस परत केव्हा दात दाखवणारेय? आज ना उद्या जाणारच तो. आता भूल फुकट आहे." हे मी सोळा वर्षं ऐकत आले होते, म्हणून त्या दिवशीही मान हलवली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या जेवणाच्या वर्गात पाण्याचा जार ठेवायला गेले. भिंतीवर कागद लावला होता. बारा नावं, आणि प्रत्येक नावापुढं पाच-पाच रेघांचे जुडगे. वाल्मीर सर तिथं पपई खात बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, कोणी किती काढले त्याचा हिशेब आहे, प्रमाणपत्राला तीस तरी लागतात, तिकडं वर्षभरात पाचसुद्धा मिळत नाहीत बिचाऱ्यांना. टॉडच्या नावापुढं सगळ्यात जास्त रेघा होत्या. कोणीतरी त्याच्या नावावर मुकुट काढला होता. मी जार ठेवला आणि बाहेर आले. रांग मोठी होती.

चौथ्या दिवशी वर्गांची झाडलोट आवरून दाल्वा आली. टॉडच्या खुर्चीत बसली. त्याच्याशी इंग्रजीत बोलली. तो चकित झाला, त्यानं इतरांना बोलावून दाखवलं. तिनं जोआनबद्दल विचारलं, तो म्हणाला, आडनाव ऐकल्यासारखं वाटतंय. दोघं हसले. त्यानं तिचा फोटो काढला, कारण प्रत्येकाचा सुरुवातीला काढायचे. मग एक कागद पुढं केला, तिनं सही केली. मग भुलीची इंजेक्शनं दिली. एका दाढेसाठी दोन पुरतात. त्यानं सात-आठ दिली, वरच्या पूर्ण हिरडीला.

माझ्या ते लक्षात आलं. मी ते पाहिलं आणि बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते.

मागची दाढ निघाली, ती खरंच सडकी होती. शेजारचीही अर्धी गेलेली. मग टॉडनं व्हिटकॉमना बोलावलं, त्यांनी आरसा घालून पाहिलं, एवेराल्दोंना काही विचारलं. एवेराल्दोंनी खांदे उडवले आणि आमच्या भाषेत, माझ्याकडं न बघता म्हणाले की वरची ओळ सगळीच काढून टाकू, कवळी नीट बसेल, ओतीलियाबाईंचा भाऊ निवडणुकीआधी कवळ्या देणारच आहे. दाल्वाच्या तोंडात कापूस होता. ओठ, टाळू, सगळं बधिर. तिनं डोकं हलवायचा प्रयत्न केला. माझ्या दोन्ही हातांत ते डोकं होतं, मला ते वळताना कळलं. सोळा वर्षांची सवय. डोकं हललं की हात आवळतात. मी आवळले.

"नीट धर," एवेराल्दो म्हणाले.

तिनं माझं मनगट पकडलं. मला वाटलं, घाबरलीय, घाबरतातच. मी तिच्या कानात म्हटलं, झालं गं, झालंच. टॉड घाम पुसत, जीभ दातांत धरून, लहान मुलासारखं मन लावून काम करत होता. वरचे होते ते अकराही दात काढले. त्या दोन सडक्या दाढा सोडून बाकीचे नऊ खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये पडले तेव्हा मी पाहिले. लांब, सरळ मुळं, कुठं डाग नाही, खडा नाही. पटाशीचे चारही इतके स्वच्छ की आधी मला ते खोटे वाटले. शेवटचा सुळा निघाला तेव्हा टॉडनं तो चिमट्यात उजेडाकडं धरला आणि त्याच्या मित्रानं शीळ घातली.

दाल्वाला मी घरी पोचवलं. रस्ताभर ती टॉवेल तोंडाला लावून चालत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. सेवेरिनानं दार उघडलं, टॉवेल बाजूला केला, आणि परत लावला. मला आत ये म्हणाली नाही.

मी परत गेले, कारण दिवसाचं काम उरकायचं होतं. त्या दिवसापासून एक नवीन काम माझ्याकडं आलं, तोवर ते पोरंच करायची. काढलेले दात ब्रशनं घासून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून बरण्यांत भरायचे. मी समजत होते की कचरा टाकायची त्यांची ही काहीतरी स्वच्छ पद्धत असेल. तीन मोठ्या काचेच्या बरण्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. पहिली काळ्या, फुटक्या तुकड्यांनी भरलेली. दुसरीत बरे. तिसरीत मी दाल्वाचे नऊ टाकायला झाकण उघडलं आणि आत बघितलं. सगळे अख्खे. दीडशे-दोनशे तरी असतील, पांढरे, ओले, एकमेकांवर चिकटलेले. काहींच्या मुळाला अजून हिरडीची गुलाबी चिंधी होती.

वाल्मीर सरांना चिठ्ठ्या वाचायला लावल्या. पहिलीवर लिहिलं होतं टाकाऊ, दुसरीवर साधारण, तिसरीवर उत्तम. उत्तम कशासाठी, मी विचारलं. त्यांनी टॉडकडून ऐकलेलं सांगितलं. कॉलेजात मुळांवर उपचार करायला शिकतात, त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला खरे, न किडलेले दात आणावे लागतात. तिकडं ते मिळत नाहीत. चांगला दात कोण काढून देणार? म्हणून या सहलीला मुलांची एवढी गर्दी असते.

कोणी कोणाला हुकूम दिला असेल असं मला आजही वाटत नाही. हुकमाची गरजच नव्हती.

मी ब्रश खाली ठेवला. हाताला ब्लीचचा वास होता, नखांत काहीतरी अडकलेलं होतं. मागच्या पटांगणात गेले आणि ओकले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी समितीकडून पाहुण्यांना नारळाच्या दुधातली पांढऱ्या मक्याची खीर होती, आम्हा कामकरी बायकांनाही वाडगा मिळाला. मी चमचा बुडवला. वर आले ते मक्याचे टपोरे पांढरे दाणे. वाडगा तसाच ठेवला. तो पदार्थ मी तेव्हापासून खाल्लेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाल्मीर सरांना घेऊन व्हिटकॉमकडं गेले. जे बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. मी म्हटलं, "यांना विचारा, कालच्या पोरीचे नऊ दात धडधाकट होते. स्वतःच्या मुलीचे असते तर काढले असते का?"

वाल्मीर सर माझ्यापेक्षा बराच वेळ बोलले. व्हिटकॉम ऐकत राहिले, त्यांचे डोळे ओलसर झाले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि खिशातून एक बिल्ला काढून माझ्या एप्रनला लावला. त्याच्यावर दोन्ही देशांचे झेंडे होते. मी त्या गरम, कोरड्या हातांत माझा हात तसाच राहू दिला, कारण मला समजतच नव्हतं. मग समजलं. बाहेर आल्यावर मी वाल्मीरांना विचारलं की तुम्ही काय सांगितलंत. ते इकडंतिकडं बघून म्हणाले की तुझ्या भावना पोचवल्या. मी वाट अडवली तेव्हा कबूल केलं की ही बाई गावातर्फे आभार मानतेय असं सांगितलं. पुढच्या वर्षी हार्लन फॉल्सच्या शाळेत एक वर्ष शिकवायला जाण्यासाठी समिती त्यांचं नाव पाठवणार होती. "माझंही थोडं बघ ना, लिंदाउरा," ते म्हणाले. गेले ते पुढच्या वर्षी. अजून तिकडंच आहेत.

मग मी ओतीलियाबाईंच्या घरी गेले. व्हरांड्यात बसून त्या निरोपाच्या समारंभाची यादी करत होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बत्तीस वर्षांची मैत्री आहे, एका दातावरून नासवायची का? मी म्हटलं, एक नाही, नऊ. आणि ते फक्त मी मोजले तेवढे. त्या म्हणाल्या, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. पाहुण्यांना काही कळता कामा नये, त्यांचं मन दुखावेल.

उरलं होतं फाटक. मी शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिले. दीडशे माणसं होती रांगेत, सगळी मीच बोलावलेली. मी त्यांना सांगितलं की ज्याची दाढ ठणकतेय त्यानं आत जाऊन तेवढीच काढून घ्यावी, बाकीच्यांनी घरी जावं. चांगले दात काढून नेतायत, बरण्या भरतायत, मी डोळ्यांनी पाहिलंय. काही बायका मुलांना घेऊन निघाल्या. बाकीचे जागचे हलेनात. अब्दियास नावाचा म्हातारा होता, मडकी भाजायचा, त्याची बायको त्याच्यामागं त्याचा सदरा धरून उभी. तो पुढं आला.

"आठवड्यापूर्वी दारात येऊन बोलावलंस, आता दारातून हाकलतेस?" तो म्हणाला. "दात नसेल त्यालाच कवळी मिळणार म्हणतात. आमची कवळी का घालवतेस?"

मी म्हटलं, काका, तुमचे खालचे सहा अजून धड आहेत, त्यांनी मांस चावता येतं.

"मांस आणायचं कुठनं ते सांग आधी. तुझे बत्तीस तुझ्या तोंडात आहेत लिंदाउरा, म्हणून तुला बोलायला सुचतंय."

लोक हसले. खरं होतं ते. सोळा वर्षं डॉक्टरच्या शेजारी काम करून माझा एक दात गेला नव्हता. माझे दात डॉक्टर भरून द्यायचे. अब्दियासनं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि रांग परत पुढं सरकली. टॉड दारात आला होता, मला बघून त्यानं हात हलवला.

तासाभरात एवेराल्दो आले आणि मला घरी पाठवलं. निरोपाचा समारंभ झाला, दोन्ही राष्ट्रगीतं झाली, मुलींनी फुलं दिली. मी गेले नव्हते. सामान गाडीत चढवणारा माणूस सांगत होता की एक पेटी फार जपून ठेवायला लावली, काच आहे म्हणाले.

पहिल्या तारखेला माझी बदली झाली. दवाखान्यातून काढून मला बाजारपेठेची मंडई झाडायला लावलं. त्यामुळं पुढचंही मला बघावं लागलं.

सप्टेंबरच्या अखेरीस, मतदानाला आठवडा असताना, ओतीलियाबाईंचा भाऊ मंडईत आला. मटणाच्या ओट्यावर एक मोठा प्लॅस्टिकचा टब ठेवला. त्यात कवळ्या. कोणाच्या मापानं केलेल्या नव्हत्याच, कुठल्यातरी कारखान्यातून पोत्यानं आणलेल्या, तीन आकारांत. बाजूला पाण्याची बादली. लोक ओट्याभोवती दाटीनं उभे. एकजण कवळी उचलायचा, तोंडात कोंबायचा, चावून बघायचा, नाही बसली की काढून बादलीत बुडवायचा आणि टबात टाकायचा. दुसरा तीच उचलायचा. दुपारपर्यंत बादलीतलं पाणी गढूळ झालं, वर थुंकीचा फेस आला. तेच पाणी, तीच बादली. ओट्यावर बकऱ्याचं वाळलेलं रक्त होतं, त्याच्यावर माशा, त्या माशा टबावर. अब्दियासला बायकी मापाची बसली. आरशात बघून तो खूष झाला. तोंड मिटत नव्हतं त्याचं, तसाच उघड्या तोंडानं मत द्यायला गेला असेल.

सेवेरिना दाल्वाला ओढत घेऊन आली. दात काढले त्या दिवसापासून दाल्वा चार बोटं ओठांवर धरून बोलायची. तिच्या वर्गातली पोरंही तशीच बोलायला लागली होती, बोटं ओठांवर धरून पाढे म्हणायची. त्यांना वाटायचं, शाळेत असंच बोलायचं असतं. सेवेरिनानं टबात हात घालून चाचपलं, त्याच क्षणी एका बाईनं तोंडातून काढून दिलेली कवळी घेतली, पाण्यात खळबळली आणि लेकीपुढं धरली. "हिचं तोंड तुझ्याएवढंच आहे. घाल." दाल्वानं त्या ओल्या, गुलाबी वस्तूकडं पाहिलं. मग माझ्याकडं. जुलैनंतर ती पहिल्यांदा माझ्याकडं बघत होती. मी झाडू धरून उभी होते. ती वळून बाहेर गेली.

मी मागं गेले. मंडईमागच्या बाभळीखाली ती उभी होती. मी झाडू बुंध्याला टेकवला. म्हटलं, "माझ्या हातात तुझं डोकं वळलं होतं, दाल्वा. मला कळलं होतं."

"मलाही कळलं होतं, मावशी," ती बोटांआडून म्हणाली. वरचे दात नसले की शब्द ओठांतून निसटतात, तिचा श तर नुसती हवा. "तुम्ही सोडलं असतं तर मी उठून गेले असते."

तिनं मला माफ केलं असं काही ती बोलली नाही, आणि मी मागितलंही नाही. पण त्या दिवसापासून संध्याकाळी ती माझ्याकडं येऊन बसायची. तिचा भाऊ साओ पावलोत कारखान्यात होता. मार्चमध्ये त्यानं तिला बोलावून घेतलं, दीड महिना ठेवलं, आणि तिथल्या दवाखान्यात तिच्या मापाची कवळी करून दिली. चांगली केली होती. नीट पाहिलं नाही तर कळत नसे. पण हसली की आता आधी दाल्वा दिसायची.

पुढच्या जुलैत दुसरी तुकडी येणार म्हणून जूनमध्ये समितीची सभा झाली. शाळेच्या किल्ल्या दाल्वाकडं होत्या, म्हणून तिला बोलावणं आलं. मला नव्हतं, तरी मी तिच्याबरोबर गेले आणि दाराशी उभी राहिले. ओतीलियाबाईंनी स्वागताच्या फलकाचं काम तिला सांगितलं. दाल्वा उठली. तिनं कवळी काढली आणि टेबलावर, केकच्या ताटाशेजारी ठेवली. लाळेची एक तार तुटून टेबलक्लॉथवर पडली. ओतीलियाबाईंनी रुमाल नाकाला लावला आणि काय हा घाणेरडेपणा म्हणाल्या. कोणीतरी केकचं ताट ओढून घेतलं.

दाल्वा घाई न करता बोलली. तिची वाक्यं समजायला सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. ती म्हणाली, "शाळा मी देणार नाही. पहिलीच्या मुलांचे आत्ता नवे दात येतायत."

एवढंच. कवळी घेतली, बाहेर नळावर धुतली, घातली आणि आम्ही घरी आलो. तिला नोकरीतून काढतील असं मला वाटत होतं. काढलं नाही, कारण वाल्मीर गेल्यावर इंग्रजी पत्रं वाचणारं दुसरं कोणी गावात नव्हतं. तुकडी आलीच. गिरणीच्या कापूस-गोदामात खुर्च्या लावल्या. माणसं गेलीही, मागच्यापेक्षा कमी, पण गेली. मी दारोदार फिरून सांगत होते, निम्मे ऐकायचे, निम्मे दार लावायचे. तिसऱ्या वर्षी कोणी आलं नाही. कोणी म्हणे त्या कॉलेजानं दुसरं गाव शोधलं. त्या गावाचं नाव मला माहीत नाही.

नव्व्याण्णव साली टॉडचं पत्र आलं, माझ्या नावानं. आत त्याच्या नव्या दवाखान्याचा फोटो. पांढरा कोट, मागं बायको, कडेवर मूल. दाल्वानं वाचून दाखवलं. लिहिलं होतं की आज मी जो काही आहे तो तुमच्या गावामुळं, माझे हात तिथं तयार झाले, ते प्रेमळ चेहरे मी विसरलो नाही. मनापासून लिहिलं होतं, ते मला कळत होतं, आणि म्हणूनच तो फोटो मी पालथा ठेवला. दाल्वानं माझ्या वतीनं उत्तर लिहिलं. तिनं आपलं नाव लिहिलं, तारीख लिहिली, वरचे नऊ कोणकोणते ते लिहिलं, आणि ते अजून कॉलेजात असतील तर परत पाठवावेत अशी विनंती केली. पोस्टाचा खर्च आम्ही देऊ म्हणून. सभ्य भाषेत, एकही वावगा शब्द नाही.

चार महिन्यांनी एक खोका आला. पत्र नव्हतं. आत दोनशे टूथब्रश होते, लहान मुलांचे, रंगीबेरंगी, प्रत्येकावर त्याच्या दवाखान्याचं नाव छापलेलं.

मी म्हटलं, चुलीत घालू. दाल्वानं एक ब्रश उघडला, अंगठ्यावर घासून पाहिला. म्हणाली, ब्रश चांगले आहेत मावशी. मग आम्ही दोघींनी दुपारभर बसून चाकूनं त्याच्यावरचं नाव खरवडलं, आणि सोमवारी ते पहिलीच्या मुलांना वाटले.